फौजीच्या घरातली आजी: मनाचं दुखणं ओळखायचं कसं, निभावायचं कसं

गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड, कागल, शिरोळ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या तालुक्यांत पलटणीला माणूस न दिलेलं गाव शोधूनच काढावं लागेल. शिरोळमधल्या टाकळीनं तर ‘सैनिक’ हा शब्द नावातच घेतला. संस्थानकाळात राजाराम रायफल्स, पुढे बेळगावचं मराठा सेंटर. भरतीची वाट इथल्या पोरांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. ते गेले तेव्हा मागे घर, रान आणि म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बायका आज स्वतः साठी-सत्तरी-ऐंशीत आहेत.

त्यांच्या मनाच्या दुखण्यावर वेळेत इलाज होत नाही, त्याला दोन शिक्के कारण आहेत. पहिला ‘ती खंबीर आहे, वीरपत्नी आहे’ हा, आणि दुसरा ‘वय झालं, चालायचंच’ हा. पहिल्यामुळे ती बोलत नाही, दुसऱ्यामुळे आपण विचारत नाही. हा लेख मुला-सुनांसाठी, लेकींसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि आशाताईंसाठी आहे. यातल्या बायका चार तऱ्हेच्या: नवरा गमावलेली पत्नी, पोरगा गमावलेली आई, निवृत्त फौजीबरोबर अजून संसार करणारी बायको, आणि स्वतः लष्करात नोकरी केलेली स्त्री. चौथी सगळ्यांत कमी दिसते, तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

पायरी १: तिच्या शब्दांत ऐका

‘मला नैराश्य आलंय’ असं या पिढीतली बाई म्हणत नाही. ती म्हणते, ‘जेवण ग्वाड लागंना’, ‘डोस्कं गच्च झालंय’, ‘छातीत धडधडतंय’, ‘अंगात ताकदच न्हाई’, ‘डोळा लागला की दचकून जाग येतीया’. तक्रार अंगाची असते, म्हणून आपण बाम, शक्तीचं सलाइन आणि गॅसची गोळी यावर भागवतो. सलाइन लावल्यावर दोन दिवस बरं वाटतं, कारण त्या निमित्तानं चार माणसं जवळ बसलेली असतात.

पुढच्या गोष्टी पंधरा दिवस रोज दिसत असतील तर दखल घ्या: पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप न लागणं, लुगडं-वेणीकडे दुर्लक्ष, देवपूजा सुटणं, हळदीकुंकू किंवा भजनाला जायचं टाळणं, नातवंडांच्या आवाजानं चिडणं, ‘मी कुणाला नको’ असं वारंवार बोलणं.

फौजीच्या घरात आणखी काही खुणा असतात. अवेळी फोन वाजला की अंग थरथरणं. एकेकाळी दारात तारवाला दिसला की जे व्हायचं, तेच आता मोबाइलवर होतं. दिवाळीत फटाके सुरू झाले की आतल्या खोलीत जाऊन बसणं, बातम्यांत सीमेवरचं काही आलं की टीव्ही बंद करणं, नाहीतर दिवसभर तोच लावून बसणं, पेटीतला गणवेश कुणाला हात लावू न देणं. यातली एखादी गोष्ट म्हणजे आजार नव्हे. गणवेश जपणं तर मुळीच नव्हे. त्यामुळे झोप, जेवण आणि माणसांत मिसळणं अडतंय का, एवढंच बघायचं.

दुःखाला मुदत नसते, पण काही दुःखं जागच्या जागी गोठतात. माणूस जाऊन वर्ष उलटलं तरी रोज, दिवसातला बराच वेळ तीच ओढ, तो गेला यावर विश्वासच न बसणं, स्वतःचं जगणं थांबल्यासारखं वाटणं असं असेल तर तो उपचार लागणारा शोक आहे. मृतदेह घरी आला नाही, किंवा पेटी उघडूच दिली नाही, त्या घरांत हे जास्त दिसतं. अशा आईला ‘आता विसर’ म्हणण्याचा उपयोग नाही. तिला निरोप घ्यायलाच मिळालेला नसतो.

पायरी २: आधी शरीर तपासून घ्या

मानसोपचाराकडे जाण्याआधी किंवा जाताजाता पुढच्या रक्ततपासण्या करून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, बी१२, साखर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम. जोडीला लघवीची तपासणी. थायरॉइड मंदावला किंवा बी१२ घसरलं तर चित्र हुबेहूब नैराश्यासारखं दिसतं. माळकरी, पूर्ण शाकाहारी आजींमध्ये बी१२ची कमतरता सर्रास आढळते. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर सोडियम उतरून सुस्ती आणि गोंधळ होऊ शकतो.

कान आणि डोळेही बघा. ऐकू न येणारी आजी चारचौघांत बसेनाशी होते आणि घरचे म्हणतात, ‘तिचं मन लागत नाही’. मोतीबिंदू काढल्यावर आणि कानाचं यंत्र बसवल्यावर निम्मी उदासी गेली, असंही होतं.

एक गोष्ट मात्र तातडीची. काल बरी असलेली आजी आज अचानक असंबद्ध बोलू लागली, रात्री वाढतं आणि सकाळी कमी होतं, मेलेली माणसं दिसतात, तर ते ‘बाहेरचं’ नाही आणि वेडही नाही. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, सोडियम उतरणं, नवी गोळी किंवा आठवडाभराचा मलावरोध यांनी मेंदू असा गोंधळतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. यात दिवस घालवले तर जीव जातो.

पायरी ३: दोन प्रश्न विचारा, आणि नीट विचारा

वेळ सकाळची, चहा झाल्यावरची. सून समोर असेल तर सासू बोलत नाही आणि सासू समोर असेल तर सून बोलत नाही, तेव्हा एकटीला विचारा. ‘गेल्या पंधरा दिवसांत कशातच मन लागत नाही, गोडी वाटत नाही, असं झालं का?’ हा पहिला प्रश्न. ‘उदास, निराश, आता काही होणार नाही असं वाटलं का?’ हा दुसरा. उत्तराला गुण द्या: अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. दोन्ही मिळून ३ किंवा जास्त झाले तर डॉक्टरांकडे सविस्तर तपासणी हवी. हे निदान नव्हे, दार ठोठावणं आहे.

‘तू खूश आहेस ना?’ असा प्रश्न कधी करू नका. उत्तर ‘हाय की’ असंच येतं.

विसरभोळेपणा नैराश्याचा की स्मृतिभ्रंशाचा, हे घरी पक्कं ठरवता येत नाही, पण अंदाज येतो. नैराश्यात ती स्वतःच तक्रार करते, ‘मला काय आठवंना झालंय’. प्रश्नाला ‘ठाऊक न्हाई’ म्हणून सोडून देते, आणि हे गेल्या काही आठवड्यांत-महिन्यांत सुरू झालेलं असतं. स्मृतिभ्रंशात तक्रार घरच्यांची असते, ती स्वतः झाकून नेते, आणि घसरण वर्ष-दोन वर्षांची असते. दवाखान्यात घड्याळाचं चित्र काढायला सांगतात. पण ज्या बाईनं आयुष्यात पेन्सिल धरली नाही तिच्यासाठी ही चाचणी दिशाभूल करते. ती शाळेत गेलेली नाही, हे डॉक्टरांना आधीच सांगा. त्यापेक्षा बाजारात शंभराची नोट दिल्यावर सुट्टे बरोबर मोजते का, सणांचा क्रम सांगते का, चुलीवर किंवा गॅसवर भांडं विसरते का, हे टिपून न्या.

पायरी ४: जिवाचा प्रश्न टाळू नका

‘कधी असं वाटतं का की जगूच नये? स्वतःला काही करून घ्यावं, असा विचार येतो का?’ हे सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट, बाईला पहिल्यांदा हलकं वाटतं. ‘देवानं न्यावं आता’ हे उतारवयातलं नेहमीचं बोलणं असू शकतं. पण कधी, कशानं, कुठं हे तिच्या मनात ठरलेलं असेल तर तिला एकटी सोडायची नाही. त्याच दिवशी दवाखाना, किंवा ११२ अथवा १०८.

मग घरावर नजर टाका. शेतीघरात कीटकनाशक गोठ्यात, माळ्यावर, बाथरूमच्या कोनाड्यात असतं. ते कुलपात घाला, किल्ली आपल्याजवळ. साठलेल्या गोळ्यांचा डबा रिकामा करा आणि एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या द्या. निवृत्तीनंतर बँकेत गार्डची नोकरी केलेल्या फौजीच्या घरी परवान्याची बारा बोअरची बंदूक असते. परवानाधारक वारला की ती घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. ‘आठवण आहे’ म्हणून वर्षानुवर्षं खुंटीला ठेवलेली बंदूक कायद्यानंही धोक्याची आणि जिवालाही.

‘पोलीस केस होईल’ या भीतीनं घरचे लपवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा नव्हे तर उपचार देणं सरकारवर बंधनकारक आहे.

पायरी ५: कुठं जायचं, काय न्यायचं

लगेच बोलायचं असेल तर टेलिमानस ही मनाच्या आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा दिवसरात्र, मोफत आणि मराठीत आहे. लष्करी कुटुंबांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात चालतो. फोन आधी तुम्ही करा, मग तिच्या हातात द्या. नंबर लिहून दिला तर ती लावणार नाही.

समोरासमोरच्या उपचाराला दोन वाटा. ईसीएचएस (माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांची वैद्यकीय योजना) कार्ड असेल तर कोल्हापूरच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये जा, मेडिकल ऑफिसरला दाखवा आणि मानसोपचारतज्ज्ञासाठी रेफरल मागा. स्वतःहून नाव काढलं नाही तर बहुधा ॲसिडिटीची गोळी घेऊन परत याल. वयानुसार रेफरलमध्ये सवलत लागू आहे का, हे खिडकीवर विचारून घ्या. गंभीर प्रसंगी योजनेत नसलेल्या जवळच्या रुग्णालयात न्यावं लागलं तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा, नाहीतर बिल अडकतं. कार्ड नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. कार्ड का नाही, हेही शोधा. युद्धविधवांना आणि १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना ईसीएचएसची वर्गणी माफ आहे, आणि हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक घरांनी कार्डच काढलेलं नाही.

प्रवासाची सबब चालू देऊ नका. एसटीत ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत आणि बाकी सगळ्या बायकांना निम्मं तिकीट आहे.

सोबत न्या: चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आयुर्वेदिक आणि मेडिकलवाल्यानं दिलेल्यासुद्धा, जुने रिपोर्ट, आणि एका कागदावर चार ओळी: केव्हापासून, झोप किती, जेवण किती, शेवटचं मोकळं कधी हसली.

गोळ्यांबद्दल थोडं विस्तारानं सांगायला हवं, कारण उपचार इथंच मोडतो. नैराश्याची गोळी पहिल्या दिवशी काही करत नाही. दोन ते चार आठवड्यांत फरक सुरू होतो, उतारवयात पुरा परिणाम दिसायला सहा-आठ आठवडे आणि कधी त्याहून जास्त लागतात. पहिल्या आठवड्यात मात्र मळमळ आणि थोडी बेचैनी आधी येते. म्हणजे त्रास लवकर आणि गुण उशिरा. आठव्या दिवशी घरचे म्हणतात, ‘गोळीनं बिघडलं’, आणि बंद करतात. हा हिशेब आजीला आधीच सांगून ठेवा. डॉक्टर म्हाताऱ्या माणसाला तरुणाच्या निम्म्या मात्रेनं सुरुवात करतात. ‘एवढीशी गोळी काय करणार’ म्हणून स्वतः दुप्पट करू नका. लघवीची गोळीही चालू असेल तर दोन आठवड्यांनी सोडियम पुन्हा तपासायला हवं का, हे विचारा. आणि गुडघेदुखीची गोळी! नैराश्याच्या काही गोळ्या आणि वेदनाशामक एकत्र आल्या की जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. आजी रोज संध्याकाळी दुखण्याची एक गोळी घेते, हे कुणीच डॉक्टरांना सांगत नाही, कारण ती ‘साधी गोळी’.

झोपेची गोळी वेगळी. अल्प्राझोलामसारखी गोळी झटपट झोप देते, म्हणून प्रिय होते. रात्री उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडणं, सकाळची सुस्ती आणि विसरभोळेपणा ही तिची किंमत. वर्षभर घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टर टप्प्याटप्प्यानं उतरवतात.

बरं वाटल्यावर पुढे निदान सहा महिने ते वर्षभर गोळी चालते. देवऋष्याकडे जायचंच असेल तर त्यावरून भांडण करू नका. अंगारा लावा, नारळ ठेवा, पण गोळी चुकायची नाही. मारहाण, धुरी, उपाशी ठेवणं सुरू झालं तर तिथून उठा; महाराष्ट्रात २०१३ पासून त्याविरुद्ध कायदा आहे.

पायरी ६: कागद नीट करा, कारण अर्धी झोप तिथं अडकलेली असते

पेन्शन थांबली तर काय, ही भीती या बायकांच्या मनात पहाटे तीनला जागी होते. समुपदेशनात हा विषय येत नाही, आणि सैनिक कल्याण कार्यालयात मनाचा विषय येत नाही. खरं तर दोन्ही एकाच बैठकीत व्हायला हवेत.

एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घ्या. त्यात: पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, ईसीएचएस कार्ड, आधार, पॅन, बँक पासबुक, पतीचा मृत्यू दाखला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र. प्रत्येकाची झेरॉक्स दुसऱ्या गावच्या लेकीकडे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ-करवीरची घरं पाण्यात गेली तेव्हा कपाटं भिजली आणि कागदांचा लगदा झाला. माळ्यावर टांगलेली पिशवी तेवढी वाचते.

हयातीचा दाखला दर नोव्हेंबरमध्ये. ८० पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. आता बहुतेकांची पेन्शन संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून येते. जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, भरताना वितरण अधिकारी म्हणून बँकेचं नाव निवडलं तर दाखला भलतीकडे जातो आणि पेन्शन थांबते. तिथं ‘स्पर्श – पीसीडीए पेन्शन्स’ हाच पर्याय निवडायचा. आयुष्यभर खुरपं धरलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. पाचव्यांदा ‘फेल’ आल्यावर आजी घाबरते, ‘मी जित्ती हाय हे पण पटंना व्हय?’ अशा वेळी मोबाइलवर चेहऱ्याची ओळख पटवून दाखला देता येतो. उजेड समोरून, चष्मा काढून, पाठीमागे मोकळी भिंत.

रकमेचं गणित तिला समजावून सांगा. साधी कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, नोकरीमुळे मृत्यू असेल तर विशेष ६० टक्के, युद्धात किंवा तशा कारवाईत असेल तर १०० टक्के. साध्या पेन्शनमध्ये सुरुवातीची ठरावीक वर्षं ५० टक्के मिळतात आणि मग ३० वर येते. सात वर्षांनी पासबुकातला आकडा अचानक उतरला की बाईला वाटतं पोरानं काढले, आणि घरात विष कालवलं जातं. हे आधी माहीत असेल तर एक भांडण वाचतं. पती गेल्यावरही त्याची पेन्शन महिना-दोन महिने खात्यात येत राहिली तर ती खर्चू नका, वसुली होते.

८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. ही वाढ जन्मतारखेच्या नोंदीवर चालते. पीपीओत जन्मतारीखच नाही, किंवा तिथं ‘लक्ष्मी’ आणि आधारवर ‘लक्ष्मीबाई’ असं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून रेकॉर्ड ऑफिसकडे दुरुस्ती पाठवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावात आहे. हे काम ७८ व्या वर्षी काढा, ८० व्या नव्हे.

पायरी ७: पैसा, प्रथा आणि घर

एटीएम कार्ड कुणाकडे आहे? हा प्रश्न कुठल्याही मानसिक चाचणीइतका महत्त्वाचा. पेन्शन तिच्या नावावर येते आणि औषधाला पन्नास रुपये मागताना ती सुनेकडे बघते, तिथं गोळीचा गुण कमीच दिसणार. कार्ड तिच्याजवळ राहू दे. पैसे काढणारा माणूस एकच ठेवा आणि पासबुक दर महिन्याला भरून तिला वाचून दाखवा. लष्करी कॅन्टीनच्या कार्डाचंही तेच. तिच्या कोट्यातली दारू पुतण्या नेतो आणि रात्री तिच्याच अंगणात गोंधळ घालतो, हा काही अपवाद नाही. तिनं ‘नाही’ म्हणायचं आणि तुम्ही तिच्या मागे उभं राहायचं.

पतीच्या निधनानंतर सातबाऱ्यावर तिची वारस नोंद झाली आहे का ते उतारा काढून बघा. तेराव्याच्या आत हक्कसोडपत्रावर अंगठा घ्यायला येणाऱ्या माणसाला सरळ सांगा, वर्षभरानं बघू. घर किंवा जमीन बक्षीसपत्रानं द्यायचीच असेल तर ‘देखभाल करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली दस्त रद्द करायची वेळ आली तर भांडण या अटीवरच उभं राहतं. मुलं बघत नसतील तर प्रांतांकडे साधा अर्ज करता येतो, वकील लागत नाही, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो. घरात धाक असेल तर आधी १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर बोला.

सासू आणि सून दोघीही एकाच माणसामागे राहिल्या असतील, तर पेन्शन बहुधा सुनेला आणि फोटोला हार घालायचा मान आईला, अशी वाटणी होते. दोघींनाही वाटतं, आपल्यावर अन्याय झाला. इथं ‘समजून घ्या’ हे वाक्य निरुपयोगी आहे. आईच्या औषधपाण्याचा आकडा ठरवा, दर महिन्याच्या पाच तारखेला तिच्या खात्यात जाईल अशी व्यवस्था करा. पैसा बोलायचा थांबला की मग दोघींचं रडणं एकत्र होऊ शकतं.

कुंकू, बांगड्या, हळदीकुंकवाचं आमंत्रण यांचाही मनावर परिणाम होतो. शिरोळ तालुक्यातल्याच हेरवाडनं ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांना हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव झाला म्हणून सत्तरीतली आजी लगेच गळ्यात डोरलं घालेल, ही अपेक्षा नको. पण नातीच्या लग्नात तिला पुढच्या रांगेत बसवणं, ओवाळायला बोलावणं तुमच्या हातात आहे. तिनं नको म्हटलं तर आग्रह एकदाच.

नवरा हयात असेल तर दुखणं वेगळंच. पंधरा-सतरा वर्षांच्या नोकरीनंतर तो चाळिशीच्या आत परत आला तेव्हा घर तिच्या हातात होतं, आणि त्याला घरातही हुकूम चालवायचा होता. ते भांडण तीस वर्षं चालू असतं. त्यात त्याची दारू, त्याची रात्रीची दचकणी. तिच्यावर उपचार करताना त्यालाही तपासा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. कापरं भरणं, झटके, भ्रम होऊ शकतात, ते दवाखान्यातच.

सत्काराचे दिवस

२६ जानेवारी, २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, १५ ऑगस्ट, आणि तिच्या माणसाचा दिवस. शाल, श्रीफळ, ध्वनिक्षेपक, आणि मुलाच्या मृत्यूचं वर्णन करणारं कुणाचं तरी तावातावाचं भाषण. त्यानंतरचे चार-पाच दिवस ती झोपत नाही, आणि कारण कुणाच्या ध्यानात येत नाही. आयोजकांनो, हे करा: आठवडाभर आधी घरी जाऊन विचारा, नाही म्हणायची मुभा द्या, सोबत एक माणूस, सावलीतली खुर्ची, स्वच्छतागृह जवळ, कार्यक्रम तिच्यासाठी अर्ध्या तासाचा, तिच्यासमोर प्रसंगाचं चित्रण दाखवू नका, फोटो तिला विचारून. घरच्यांनी त्या रात्री कुणीतरी तिच्या खोलीत झोपावं. वर्षभर न फिरकलेल्या पुढाऱ्याला शाल द्यायची असेल तर त्यानं पुढच्या सोमवारी तिला सीपीआरला नेऊन आणावं, हा आमचा आपला सल्ला.

जी स्वतः नोकरीत होती

१९२६ मध्ये लष्करी परिचर्या सेवा कायमस्वरूपी झाली. वैद्यकीय विभाग सोडून इतर शाखांत स्त्री अधिकारी १९९२ पासून आल्या आणि कायमस्वरूपी कमिशनचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ फेब्रुवारी २०२० चा. म्हणून आज साठीपलीकडची निवृत्त स्त्री बहुधा परिचर्या सेवेतली असते. ती कॅप्टन, मेजर किंवा लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाली, पण गल्लीत ती ‘सिस्टर’. डॉक्टरही ‘मिस्टर काय करायचे?’ असं विचारतात. ‘तुम्ही स्वतः नोकरी केलीत का, कुठं, काय पाहिलंत?’ असं विचारत नाहीत. जखमी जवानांच्या वॉर्डात रात्री काढलेल्या बाईच्या मनात कापलेल्या अवयवांची, ओरडण्याची चित्रं असू शकतात, आणि ‘त्याला वाचवता आलं असतं’ हा सल तर असतोच. अनेकींच्या बदल्यांमुळे लग्न राहिलं किंवा गाव तुटलं. निवृत्तीनंतर माहेरच्या भावजयीच्या घरी त्या पाहुण्या.

अशा बाईला ‘सगळं सांगून मोकळ्या व्हा’ म्हणून कोरून विचारू नका. ती सांगेल तेवढं ऐका. आठवण अंगावर आली तर चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. मग खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं. दुःस्वप्नं आठवड्यात दोन-तीनदा येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञच हवा. शिवाय ती औषधं स्वतःच ठरवते, हा परिचारिकांचा जुना दोष. तिच्या ड्रॉवरकडे लक्ष असू द्या.

पहिले सहा आठवडे

पहिल्या आठवड्यात फक्त उठायची वेळ ठरवा आणि सकाळच्या उन्हात दहा मिनिटं बसवा. दुपारची झोप अर्ध्या तासावर नको, चहा चारनंतर नको. दुसऱ्या आठवड्यात हाताला एक काम: वाती वळणं, शेंगा सोलणं, भाजी निवडणं. ‘आता तू बस, आम्ही करतो’ या मायेनं फार बायका खचल्या आहेत. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या दारापर्यंत, चौथ्यात मंगळवारच्या देवळापर्यंत किंवा आठवडी बाजारापर्यंत. प्रत्येक कामाआधी आणि नंतर ‘दहापैकी किती बरं वाटतंय?’ एवढंच विचारून कॅलेंडरवर आकडा लिहा. तीनचा चार झालेला तिला स्वतःला दिसला पाहिजे. पाचव्या-सहाव्यात तिच्यासारखीच एक बाई तिला भेटवा. शेजारच्या गावची वीरपत्नी अंगणात तासभर बसून गेली तर दोघी बहुतेक वेळ पावसाबद्दल आणि म्हशीच्या दुधाबद्दल बोलतील. बोलू द्या.

सहाव्या आठवड्याअखेर आकडे जागचे हलले नसतील तर गोळी बदलायची की मात्रा वाढवायची हे डॉक्टरांना विचारा आणि कॅलेंडर सोबत न्या. गुण आला असेल तर चालू गोळीचं नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि पुन्हा बिघडायला लागल्यावर पहिली दिसणारी खूण, मग ती पहाटेची जाग असो की सुटलेली पूजा, एका कागदावर लिहून त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पीपीओच्या वर ठेवा.